पंचवीस शब्द आणि एक गाव

कलकत्त्याला जाऊन आलेल्या मराठी माणसाने काय काय पाहिलेलं असावं, याची एक यादी आपल्याकडे ठरून गेली आहे. दक्षिणेश्वर, बेलूर मठ, व्हिक्टोरिया, हावड्याचा पूल, आणि परतीच्या गाडीत मांडीवर सांभाळलेला रसगुल्ल्यांचा डबा. (शहराचं नाव २००१ सालापासून कोलकाता झालं आहे. पण आमच्या घरी तीन पिढ्या ते कलकत्ताच म्हणत आल्या, आणि या वयात जीभ वळवणं जड जातं.) त्यामुळे गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस एका चर्चासत्रासाठी मी तिथं गेलो, निबंध वाचून मोकळा झालो, आणि यजमान प्राध्यापकांना म्हणालो, "उद्या मला बोडालला जायचं आहे," तेव्हा त्या सज्जन गृहस्थांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"बोडाल? तिथं काय आहे?"

"'पथेर पांचाली'चं चित्रण झालं ते गाव."

"ते खरं हो. पण आता ते गाव कुठं राहिलंय? शहरच तिथवर पोचलंय. त्यापेक्षा शांतिनिकेतनला जा. मी व्यवस्था करतो."

मी नम्रपणे नको म्हटलं. बोडालला जाण्याचं खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही. ते सांगायचं तर वीसबावीस वर्षं मागं जावं लागलं असतं, आणि त्यांना रात्री बराच लांब जायचं होतं.

मी मराठीचा प्राध्यापक आहे. केशवसुत आणि मर्ढेकर शिकवतो, परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी आणतो. पण २००३ च्या सुमाराला, एम. ए. होऊन तासिका तत्त्वावर शिकवत असताना, मी चित्रपट-समीक्षकही होतो. म्हणजे असं की, आमच्या पुण्यातल्या एका छोट्याशा फिल्म सोसायटीचं दोन पानी मासिक पत्रक निघे, आणि त्या महिन्यात दाखवलेल्या परदेशी, प्रायोगिक वगैरे चित्रपटांवर अभिप्राय लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. मानधन शून्य, शब्दमर्यादा पंचवीस. आमचे चिटणीस बँकेतून निवृत्त झालेले होते. ते हातात पेन्सिल घेऊन शब्द मोजत. 'व' हा शब्द धरायचा की नाही, यावर आमचा एकदा अर्धा तास वाद झाला होता. ते म्हणाले, धरायचा. बँकेत त्यांनी पैसासुद्धा सोडला नसणार.

पुण्यात अशा चित्रपटांना तोटा नव्हता. प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या जागेवर चित्रपट शिकवणारी संस्था १९६० पासून होती, जवळच १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय होतं. जपान, इटली, स्वीडन, इराण सगळं लॉ कॉलेज रस्त्यावर उतरत असे. आम्ही सायकल लावायची आणि जगप्रवासाला निघायचं.

त्या अभिप्रायांची वही माझ्याकडे अजून आहे. उघडली की हसू येतं आणि कोणी पाहत नाही ना, म्हणून मान वळवून बघावंसंही वाटतं. कुरोसावाच्या 'राशोमोन'वर मी लिहिलं होतं : "एक मृत्यू, चार साक्षी, सत्य एकही नाही. वकिलांनी अवश्य पाहावा." हे त्यातल्या त्यात बरं. बर्गमनच्या 'सेव्हन्थ सील'वर : "सरदार मृत्यूशी बुद्धिबळ खेळतो. कोण जिंकणार हे आधीच ठाऊक असल्याने चुरस कमी." डी सिकाच्या 'बायसिकल थीव्हज'वर : "सायकल शेवटपर्यंत सापडत नाही. तरी पाहा." किआरोस्तामीचा एक चित्रपट आहे. शाळकरी मुलाच्या हातून मित्राची वही चुकून घरी येते, आणि ती परत करायला तो टेकडीवरच्या नागमोडी वाटेने धावत शेजारच्या गावी जातो. त्यावर माझं मत : "वही उद्या शाळेत दिली असती तर चित्रपट वाचला असता." ओझूच्या 'टोकियो स्टोरी'वर तर मी फारच गमतीत आलो होतो : "म्हातारा-म्हातारी मुलांकडे जातात आणि परत येतात. एवढ्याला दोन तास सोळा मिनिटं!" उद्गारचिन्हासकट.

वाचकांना हे आवडे. काही जण खेळाला न येता नुसतं पत्रक वाचत, आणि चित्रपट पाहिल्याच्या थाटात चारचौघांत बोलत. लहान अभिप्रायाचा हाच मोठा उपयोग असतो. लग्नाच्या जाहिरातीत 'गहूवर्णी, गृहकृत्यदक्ष' लिहिलं की एक अख्खी मुलगी आटोपते, तसा दोन वर्षांच्या मेहनतीचा चित्रपट आटोपतो. मात्र मी ते काम मनापासून करीत असे, हेही सांगितलं पाहिजे. आवडलेल्या गोष्टीबद्दल पंचवीस शब्दांत बोलणं अवघड असतं; न आवडलेल्याबद्दल सोपं. सोपं होतं ते माझ्याकडून अधिक वेळा झालं.

'पथेर पांचाली'वरचा माझा अभिप्राय जसाच्या तसा देतो. मोजून घ्या, बरोबर पंचवीस शब्द आहेत : "कथा हृदयस्पर्शी, पण गती अतिशय संथ. म्हातारीचा भाग निम्म्याने कमी केला असता तर चित्रपट उठावदार झाला असता. छायाचित्रण व संगीत उत्तम. सवड असल्यास एकदा पाहावा."

असं लिहिणारा मी पहिला नव्हतो, एवढीच एक पळवाट मला आहे. १९५८ च्या सप्टेंबरात हा चित्रपट न्यूयॉर्कला लागला, तेव्हा 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या बॉस्ली क्रौदर या त्या काळच्या वजनदार समीक्षकाने लिहिलं की, इतकी सैल रचना आणि इतकी मंद चाल हॉलिवूडच्या संकलकांनी कच्च्या जोडणीपलीकडे जाऊ दिली नसती. पुढे त्याच लेखात त्याने चित्रातल्या करुण गोडव्याचं कौतुकही केलं, पण लोकांच्या ध्यानात राहिलं ते पहिलंच. चित्रपट मात्र तिथल्या एका लहानशा थिएटरात महिनोन्‌महिने चालला. त्याआधी १९५६ साली कानच्या महोत्सवात पहिल्या खेळाला फारशी माणसंच नव्हती. काही समीक्षकांनी आग्रह धरल्यामुळे तो पुन्हा दाखवला गेला, आणि त्याला 'मानवी दस्तऐवज' म्हणून पारितोषिक मिळालं. तेव्हा चुकण्यात माझ्यासोबत थोर मंडळी होती. फरक एवढाच की, त्यांच्या घरी त्या दिवशी काय चाललं होतं ते मला माहीत नाही. माझ्या घरी काय चाललं होतं ते माहीत आहे.

पण ते थोड्या वेळाने. आधी बोडाल.

कलकत्त्याची भुयारी रेल्वे दक्षिणेकडे जाऊ लागली की स्टेशनांची नावं वाचत बसावं. एक स्टेशन महानायक उत्तमकुमारच्या नावाचं, एक क्रांतिकारक सूर्य सेन यांच्या नावाचं. पुढचं 'गीतांजली'. माणसाच्या नावाची स्टेशनं आपल्याकडेही आहेत. पण कवितेच्या पुस्तकात गाडी थांबते आणि पिशव्या घेतलेल्या बायका उतरतात, हे पाहून मराठीच्या प्राध्यापकाला जे वाटायचं ते वाटलं. त्यापुढच्या 'कवी नजरुल'ला मी उतरलो. तिथं गडिया बाजार. भोपळे, मासे आणि माणसं यांच्यातून वाट काढून एका सामायिक रिक्षात बसलो. माझ्या मोडक्या बंगालीची दया येऊन रिक्षावाला हिंदीत म्हणाला, "सिनेमासाठी आलात? घर बघायला येतात कधीकधी लोक. कॅमेरा घेऊन."

माझ्याकडे कॅमेरा नव्हता. वही होती.

यजमानांचं म्हणणं खोटं नव्हतं. तीनमजली इमारती, मोबाइलची दुकानं, शिकवणीच्या वर्गांच्या पाट्या. तरी मधूनच एखादं हिरवं तळं समोर येतं. त्याच्या पायऱ्यांवर कोणी भांडी घासत असतं, आणि त्या पाण्याकडे पाहिलं की मान आपोआप हलते : हो, हेच. सत्यजित राय यांना हरिहरचं पडकं घर इथं सापडलं. घराचा मालक कलकत्त्यात अंथरुणाला खिळलेला होता. महिना पन्नास रुपये भाड्याने ते घेतलं. पैसे संपत, काम थांबे, मंडळी घरी जात, पुन्हा येत. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, पत्नीचे दागिने गहाण पडले. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने पैसे दिले. चित्राच्या नावात रस्ता असल्यामुळे ते रस्तेसुधारणेच्या खात्यातून आले, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. छायाचित्रकार सुब्रत मित्र एकवीस वर्षांचे, आणि चित्रपटाचा कॅमेरा त्यांनी कधी हातात धरलेला नव्हता. या सगळ्या काळात तीन चमत्कार झाले, असं राय म्हणत : अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी झाली नाही, आणि म्हातारी इंदिर ठाकरुण मेली नाही.

ती म्हातारी म्हणजे चुनीबालादेवी. वय ऐंशीच्या घरात. कोणे एके काळी रंगभूमीवर कामं केलेली, मग विस्मरणात गेलेली. तिच्या अंत्ययात्रेचं दृश्य घेताना तिला खरोखरच तिरडीवर बांधलं होतं. दृश्य संपलं, दोर सोडले, तरी ती हलेना. सगळ्यांच्या पोटात गोळा आला. तेवढ्यात ती बोलली : झालं का? मग मला कोणी सांगितलं कसं नाही? मी आपली अजून मेलेलीच आहे! चित्रपट लोकांसमोर आला २६ ऑगस्ट १९५५ ला. त्याआधीच ती खरोखर गेली होती.

मी घराची चौकशी केली. एकाने डावीकडे हात दाखवला, दुसऱ्याने उजवीकडे. तिसरा म्हणाला, त्यात पाहण्यासारखं आता काय उरलंय! मी तो नाद सोडला आणि नुसता हिंडलो. पूजा आठदहा दिवसांवर आलेली, त्यामुळे नाक्यानाक्यावर मांडवांसाठी बांबूंचे ढीग पडले होते. पोरं त्यांवर चढून बसली होती. ज्या बांबूच्या बनात अपू आणि दुर्गाला म्हातारी गुडघ्यात डोकं घालून बसलेली दिसते, आणि हात लावताच कलंडते, ते बन कुठं होतं हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

ऊन चढलं तसा एका मिठाईच्या दुकानात शिरलो. चित्रपटातल्या त्या मिठाईवाल्याची आठवण होणं साहजिक होतं. खांद्यावर कावड घेतलेला लठ्ठ माणूस, त्याच्यामागे दोन मुलं आणि एक कुत्रं, आणि तळ्यात पडलेली त्यांची प्रतिबिंबं. ते काम करणारा माणूस मध्येच वारला, म्हणून राहिलेला भाग तशाच अंगाच्या दुसऱ्या माणसाला पाठमोरा दाखवून पुरा केला. पडद्यावर कोणाला कळत नाही. पाठीमागून सगळे सारखे दिसतात.

दुकानदार साठीचे. मी संदेश घेतला आणि विषय काढला. ते हसले. "माझ्या आईने चित्रण पाहिलं होतं. नवीन लग्न होऊन आलेली तेव्हा. चित्रपटही पाहिला नंतर."

"काय म्हणाल्या?"

"कशाबद्दल?"

"चित्रपट कसा वाटला?"

त्यांनी जरा आठवलं. "म्हणायची, त्या पोरीला फार भिजवलं."

मी संदेश खात राहिलो. पावसाचं ते दृश्य जगातल्या किती विद्वानांनी वाखाणलं असेल! ते घेताना मुलं थंडीने कुडकुडत होती, त्यांना गरम दुधातून ब्रँडी पाजावी लागली, हे खुद्द राय यांनीच सांगितलं आहे. त्या बाईला ते कोणी सांगण्याची गरज नव्हती. चार शब्दांत तिने जे पाहिलं ते मला पंचवीसांत दिसलं नव्हतं.

आता माझ्या घरचं.

माझ्या वडिलांची एक आत्या होती. आम्ही मुलं तिला आत्याआजी म्हणत असू. विसाव्या वर्षी विधवा झालेली, मूलबाळ नाही. तीन भाचे : आम्ही पुण्याला, एक काका कराडला, एक पनवेलला. चार-चार महिन्यांची पाळी लावलेली होती. चार महिने झाले की पत्र्याची ट्रंक आणि वळकटी बाहेर यायची, आणि कोणीतरी तिला एस. टी. त बसवून यायचं. कोणी तिला वाईट वागवत नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. दोन वेळा जेवण, वर्षाला दोन लुगडी, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं झालं. फक्त ती ज्या घरात असेल तिथल्या बोलण्यात, महिना संपत आला की, कॅलेंडरचा विषय जास्त निघे.

तो चित्रपट मी पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमची पाळी संपत होती. रात्री मी जेवत होतो, ती नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "काय पाहून आलास?"

"बंगाली होता एक. तुला नाही कळायचा."

"काय होतं त्यात?"

"गरीब घर असतं. एक म्हातारी असते, ती मरते."

"कशानं?"

"वय झालेलं असतं. बांबूच्या बनात बसल्या बसल्या मरते."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "घरात नाही?"

मी ताटावरून उठलो होतो. हात धुतला आणि अभिप्राय लिहायला बसलो. म्हातारीचा भाग निम्म्याने कमी केला असता तर.

दुसऱ्या दिवशी मीच तिला स्वारगेटला नेऊन कराडच्या गाडीत बसवलं. तीन महिन्यांनी एका सकाळी तिकडून फोन आला. वडील निघाले, मला कॉलेजात पेपर होते. आमच्या घरात त्या सकाळी कोणीतरी म्हणालं, "बरं झालं, आपल्या पाळीत नाही झालं." कोण ते सांगत नाही. मी नव्हतो, पण तसं म्हणायला मला फारसा वेळ लागला नसता.

चित्रपट पुन्हा पाहिला तो २०२० च्या टाळेबंदीत, घरी, सौभाग्यवती आणि मुलीबरोबर. मधल्या काळात त्या चित्रपटाच्याही जिवावर बेतलं होतं. मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधल्या आगीत होरपळली. इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत ती हाताने दुरुस्त केली, आणि २०१५ साली चित्रपट पुन्हा नव्यासारखा झाला. त्या स्वच्छ चित्रात मला एक गोष्ट दिसली. घरातून बाहेर काढलेली म्हातारी परत येते. सर्वजया तिला थारा देत नाही. म्हातारी पाणी मागते, पिते, आणि भांड्यात उरलेलं अंगणातल्या एका रोपट्याला घालते. मग काठी घेऊन निघून जाते. बस्स, एवढंच. पुण्यात मोठ्या पडद्यावर हे माझ्यासमोर झालं असणारच. मी त्या वेळी बहुधा शब्द मोजत होतो.

मुलीने विचारलं, "बाबा, आई तिला राहू का देत नाही?" सर्वजया दुष्ट नाही, तिच्या घरात तांदूळ नाहीत, असं काहीतरी मी समजावलं. आमच्या घरात तांदूळ होते, हे सांगितलं नाही.

बोडालहून परतल्यावर मला वाटलं होतं की काम संपलं. पण हातात एक दिवस होता. सकाळी हावड्याहून बर्धमानची लोकल धरली. शक्तिगडच्या अलीकडे पालसिट नावाचं लहान स्टेशन आहे. (शक्तिगडचं लँगचा नावाचं लांबट पाकातलं पक्वान्न प्रसिद्ध आहे. गाडीतल्या प्रत्येक माणसाने मला ते खाण्याचा सल्ला दिला आणि एकानेही पालसिटला का उतरता हे विचारलं नाही.) १९५२ च्या ऑक्टोबरात राय यांनी चित्रपटाची सुरुवात इथं केली : काशाच्या फुलांतून धावणारी भावंडं आणि गाडी. पहिल्या दिवशी निम्मं काम झालं. पुढच्या रविवारी येऊन पाहतात तो फुलं गायब! गुरांनी सगळं चरून टाकलेलं. उरलेल्या दृश्यासाठी फुलं पुन्हा येईपर्यंत थांबावं लागलं.

स्टेशनातून बाहेर पडून रुळांच्या कडेकडेने जाणाऱ्या पायवाटेने मी निघालो. भातशेतं ओटीपर्यंत भरलेली. आणि मध्येच, बांधाला, खड्ड्याच्या काठाला काश. आपल्याकडे उसाला तुरे येतात तशी ही पांढरी झुलपं, पण जास्त हलकी. चित्रपटातल्यासारखं समुद्रासारखं रान मला काही दिसलं नाही. चार ठिकाणी चार पुंजके. त्यातला एक एक गाय शांतपणे खात होती. तिला अडवायला कोणी दिग्दर्शक नव्हता.

एका मोरीवर बसलो. वही काढली. जुन्या अभिप्रायाखाली नवा लिहावा, अशी कल्पना पुण्याहूनच करून आलो होतो. पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. एक मालगाडी गेली. मी मुलासारखे डबे मोजायला लागलो आणि तिसाच्या पुढे चुकलो. मग वही पिशवीत टाकली आणि कराडच्या चुलतभावाला फोन लावला.

"अरे, आत्याआजी गेली तेव्हा तू घरी होतास?"

"होतो की. का रे? आज कुठं तिची आठवण?"

"कुठं होती ती? म्हणजे, घरात का..."

पलीकडे जरा शांतता झाली. मागं त्याच्या दुकानातला गलका ऐकू येत होता.

"पडवीत," तो म्हणाला. "थंडीचे दिवस होते, मी म्हणत होतो आत झोप. तर म्हणाली, इथंच बरं आहे, कुणाच्या वाटेत नको. पहाटे मी चहा घेऊन गेलो तर... तू कुठून बोलतोयस? आवाज तुटतोय."

"बंगालमधून."

"तिकडं काय?"

हावड्याकडची लोकल दिसायला लागली होती आणि मी अजून फलाटावर पोचलो नव्हतो. "दिवाळीत येतो," मी ओरडून म्हटलं, "तेव्हा सांगतो," आणि पिशवी सावरत धावलो.